आम्ही गवाह होतो

निकाहनाम्यावर दोन गवाहांच्या सह्या लागतात. २०१४ च्या फेब्रुवारीत झालेल्या एका निकाहनाम्यावर दुसरी सही आमची आहे. दुल्हा आमचा दोस्त. सही करण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे वकील आणि दोन्ही गवाह दुल्हनच्या खोलीत गेलो. तिला दुल्ह्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि मेहरची रक्कम सांगून तीनदा इजाजत विचारली गेली. तिसऱ्या वेळी ओढणीच्या आतून ‘हूँ’ आले. बायका रडू लागल्या. आम्ही बाहेर येऊन काझीसाहेबांना सांगितले की मुलीने इजाजत दिली आहे, आमच्या कानांनी ऐकली आहे. खुतबा झाला, छुहारे उधळले गेले, आम्ही दोस्ताच्या गळ्यात पडलो.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. ‘हूँ’ आम्ही खरोखरच ऐकले होते. पण ती कशाला होकार देते आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि आम्हाला ठाऊक होते.

आम्हाला ते २००९ पासून ठाऊक होते. त्या वर्षी आम्ही दोघे बी.एड.च्या होस्टेलात होतो. दिल्ली हायकोर्टाने २ जुलैला कलम ३७७ बद्दल निकाल दिला होता आणि उर्दू अखबारांत त्यावर मजमून येत होते. मेसमध्ये पोरे ते मोठ्याने वाचून हसत. हा हसत नसे. एका रात्री गच्चीवर त्याने आम्हाला सांगितले, ‘ये लोग जिसपर हंस रहे हैं ना, वो मैं हूँ.’ आम्ही त्याला काय उत्तर दिले? किशोरवयीनांचे मानसशास्त्र आमच्या अभ्यासक्रमात होते, आम्ही ते पाठ केले होते. तरी तोंडातून तेच निघाले जे गावातल्या कुठल्याही खालाजानच्या तोंडातून निघाले असते : ‘शादी हो जायेगी तो सब ठीक हो जायेगा.’

ही शादी झाली. दहा वर्षे टिकली. दोन मुले झाली. २०२४ मध्ये, रमजान ईद उलटल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने बायकोला खरे सांगितले. त्यानंतर आमच्या गावात जे घडले आणि जे बोलले गेले त्याबद्दल हा मजमून आहे. तो लिहिण्यापूर्वी आम्ही दोघांची परवानगी घेतली. दोस्त म्हणाला, ‘नाम मत लिखना.’ भाभी म्हणाल्या, ‘लिखो. मगर मुझे बेचारी मत लिखो.’

*

गावात एकच सवाल फिरत होता : ‘अब बोलके क्या फायदा?’ मशिदीच्या वजूखान्यापासून आमच्या स्टाफरूमपर्यंत तोच. दहा वर्षे गप्प होता, मग आणखी तीस वर्षे गप्प राहिला असता तर कुणाचे काय बिघडले असते? मुलगी मोठी होते आहे, तिचे रिश्ते कसे येतील? म्हातारी आई हयात आहे, तिला हा दिवस का दाखवला?

हा सवाल करणारे भले लोक आहेत. पण हे भले लोक त्या दिवशी कुठे होते? ज्या मामूने आता सर्वांत मोठा गोंधळ घातला, त्याच मामूने रिश्ता जमवताना मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात नेऊन सांगितले होते, ‘जल्दी करो, लडके के लच्छन ठीक नहीं.’ म्हणजे मामूला अंदाज होता. आईला होता, तिने दर्ग्यावर मन्नत मागितली होती, तावीज आणला होता. एका हकीमसाहेबांकडून महिनाभर माजून आणून खाऊ घातले होते. आम्हाला तर अंदाज नव्हता, खात्रीच होती. सगळ्या महफिलीत ज्या एकाच व्यक्तीला काहीच माहीत नव्हते ती आत ओढणी घेऊन बसली होती.

मग आज रागावण्याचा हक्क कुणाला आहे? फक्त तिला. तिने तो राग काढला, आमच्यावरही काढला. आम्ही मान खाली घालून ऐकून घेतला. पण मामूला, जमातीच्या बुजुर्गांना, स्टाफरूममधल्या आमच्या बरोबरीच्यांना हा हक्क कुणी दिला? आपल्या समाजाला खोटे बोलले गेल्याचा राग आलेला नाही. खरे बोलले गेल्याचा राग आला आहे.

दीनियातच्या तासाला आम्ही एक हदीस मुलांना दरवर्षी सांगतो. मदिनेच्या बाजारात पैगंबरसाहेबांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटे ओली झाली. वर कोरडे धान्य होते आणि खाली ओले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्याला विचारले गेले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि जो फसवतो तो आमच्यातला नव्हे, असे बजावले गेले. ही कथा सांगताना आम्ही मुलांना वजनमाप आणि भेसळ याबद्दल बोलतो. घरी जाऊन निकाहाचा दस्तरखान मांडतो तेव्हा ती विसरतो. नीट पाहा, व्यापाऱ्याला पावसाबद्दल कुणी दोष दिला नाही. पाऊस त्याने पाडला नव्हता. जाब विचारला गेला तो झाकण्याचा. आमच्या दोस्ताच्या बाबतीत आम्ही उलटे केले. झाकत होतो तोवर सगळे त्याला नेक म्हणत होते, उघडे केले त्या दिवशी पावसाबद्दल त्याला फासावर चढवायला निघाले.

*

‘शादी हो जायेगी तो ठीक हो जायेगा’ हे वाक्य आपल्या समाजात दव्याच्या चिठ्ठीसारखे चालते. मुलगा दारू पितो, शादी करा. कामधंदा करत नाही, शादी करा. डोक्याने कमजोर आहे, शादी करा. मुलींकडे पाहत नाही, ताबडतोब करा. प्रत्येक वेळी दवा म्हणून कुणाची तरी मुलगी दिली जाते. भाभींनी बारावीला ७८ टक्के घेतले होते. त्यांना डी.एड. करायचे होते. ‘लडका खुद मास्टर है, शादी के बाद पढाएगा’ असे सांगून त्यांचा फॉर्म भरायचा राहू दिला गेला. ज्या रोगाचे नावही त्यांना सांगितले गेले नाही त्या रोगाची दवा म्हणून त्यांना त्या घरात पाठवण्यात आले.

आणि तो रोगही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. तेव्हा आम्ही आणि आमचा दोस्त पाळण्यात होतो. २०२२ मध्ये आपल्या देशाच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, असा कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. डॉक्टरला जे करायला मनाई झाली ते आपले मामू आणि खालाजान अजूनही बिनदिक्कत करतात, आणि वलीम्याला बिर्याणीही खाऊ घालतात.

‘दोन मुले झाली, मग कसला समलिंगी?’ हा आणखी एक सवाल. स्टाफरूममध्ये हा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर फार मोठा शेर ऐकवल्याचा भाव होता. मुले होण्याने एवढेच सिद्ध होते की मुले होऊ शकतात. त्या घरात रात्री कशा गेल्या ते भाभींना विचारा, आणि विचारायची हिंमत नसेल तर गप्प बसा. त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, ‘दस साल मैं समझती रही के मुझ में कुछ कमी है.’

‘ये सब बडे शहरों के चोंचले हैं,’ असेही ऐकले. आम्ही उर्दू शिकवतो. उर्दू गझलेतला माशूक व्याकरणाने पुल्लिंगी असतो. मुले दरवर्षी विचारतात, ‘सर, ये लडका है के लडकी?’ आणि आम्ही दरवर्षी ‘ये परदे की वजह से है’ किंवा ‘ये तसव्वुफ है’ असे सांगून पान उलटतो. काही ठिकाणी ते खरेही आहे, पण सगळीकडे नाही, आणि हे आम्हाला ठाऊक आहे. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ १९४२ साली छापून आली. तिच्यातली अश्लीलता शोधण्यासाठी लाहोरच्या कोर्टात मुकदमा चालला, इस्मत आपा सुटल्या. लोकांनी ती कथा बायकांच्या आपसातल्या संबंधांची म्हणून लक्षात ठेवली. पण त्या कथेची सुरुवात कुठून होते? एका नवाबापासून, ज्याला मुलांची सोबत आवडते आणि जो तरीही शादी करतो. बेगमजान त्या शादीची शिकार आहे. म्हणजे हे दुखणे ऐंशी वर्षांपूर्वी आमच्याच अदबमध्ये, आमच्याच घरातल्या एका बाईने लिहून ठेवले होते. चोंचले कसले?

इस्मत आपांनी आपल्या आत्मचरित्रात पुढची गोष्टही सांगितली आहे. जिच्यावरून बेगमजान सुचली ती बाई त्यांना पुढे अलीगढला भेटली. आपा घाबरल्या. पण त्या बाईने नवाबापासून तलाक घेतला होता, दुसरी शादी केली होती, तिला मुलगा झाला होता आणि ती खूश होती. ही गोष्ट कुणी सांगत नाही. लिहाफ सगळ्यांना पाठ आहे. लिहाफ फेकून देऊन बाहेर आलेली बाई कुणाला आठवत नाही.

*

आमच्या भाभींनी लिहाफ फेकून द्यायचे ठरवले तेव्हा काय झाले ते सांगतो.

त्या माहेरी गेल्या आणि खुलाची मागणी केली. जमातीची बैठक बसली. बुजुर्गांनी विचारले, नवरा मारतो का? नाही. कमावत नाही का? कमावतो. दारू, जुगार? नाही. नमाज? पाच वक्ताची. ‘फिर क्या तकलीफ है, बेटी?’ जी गोष्ट तकलीफ होती ती सगळ्यांना माहीत होती, पण ती बैठकीत उच्चारायची नाही असे आधीच ठरले होते. म्हणजे तिने कारण द्यायचे, आणि कारण सांगायचे नाही.

या बुजुर्गांना साबित बिन कैस यांच्या बीबींची हकिकत आम्ही नव्याने सांगायची का? त्या पैगंबरसाहेबांकडे आल्या आणि म्हणाल्या की नवऱ्याच्या दीनबद्दल किंवा अख्लाकबद्दल माझी तक्रार नाही, पण मी त्याच्याबरोबर राहू शकत नाही. त्यांना विचारले गेले ते एवढेच की मेहरमध्ये मिळालेली बाग परत कराल का. त्या हो म्हणाल्या आणि वेगळ्या झाल्या. कुणी चौकशी समिती बसवली नाही. खुलाचा दरवाजा चौदाशे वर्षांपूर्वी असा उघडला गेला होता. आम्ही त्याला कुलूप लावले आणि किल्ली पंचांच्या खिशात ठेवली.

विसाव्या शतकातही एकदा हे कुलूप तोडावे लागले होते. नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी काही मुस्लिम बायका धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कर्मठ आलिमांनी १९३० च्या दशकात हनफी चौकट बाजूला ठेवून मालिकी मझहबचा आधार घेतला आणि बायकांसाठी सुटकेची कारणे मान्य केली. त्या प्रयत्नांतूनच १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. त्यात नवऱ्याने तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य न पाळणे, नपुंसकत्व, क्रूरता अशी कारणे आहेत. आमच्या भाभींचे कारण त्यात नावानिशी नाही. पण एक गोष्ट त्या इतिहासातून दिसते. बायकांची कोंडी झाली तेव्हा थानवीसाहेबांनी किताबे उघडून वाट शोधली. आमच्या बुजुर्गांनी चहा मागवला आणि पुढची तारीख दिली.

शेवटी दोघांनी मिळून वाट काढली. मुबारात, म्हणजे उभयतांच्या रजामंदीने विभक्त होणे, आपल्या शरीयतमध्ये आहे. २०२५ मध्ये तसा करारनामा झाला. मुले आईकडे, पगाराचा निम्मा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तिच्या खात्यात, जुम्म्याला बाप मुलांना भेटणार. हे लिहून घ्या असे आम्ही आग्रहाने सांगितले. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते असा निकाल पुन्हा एकदा दिला होता. ते कात्रण आम्ही भाभींच्या भावाला नेऊन दिले. गवाह म्हणून दहा वर्षांपूर्वी जे करायला हवे होते त्याची ही उशिराची, अपुरी भरपाई.

*

आता तो प्रश्न, जो वाचकाच्या ओठावर आहे : ‘मास्टर, म्हणजे तुम्ही ही गोष्ट जायज म्हणता?’

आम्ही मुफ्ती नाही. हजरत लूत यांच्या कौमच्या कथेचा अर्थ काय, यावर जगात वाद चालू आहे. केपटाऊनचे इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांनी त्या कथेत जबरदस्ती आणि जुलूम यांचा निषेध वाचला. बहुसंख्य आलिमांनी त्यांचे म्हणणे धुडकावले. या हेंड्रिक्स यांची जिंदगी आमच्या दोस्ताने आम्हाला मोबाइलवर दाखवली तेव्हा आम्ही हादरलो. धार्मिक घराणे. दीनची तालीम कराचीत. तरुणपणीच एका मुलीशी शादी, मुले, आणि मनात तीच आशा की शादीने सगळे ठीक होईल. झाले नाही. १९९६ मध्ये तलाक, आणि एकोणतिसाव्या वर्षी सगळ्यांसमोर कबुली. पुढे त्यांनी आपल्यासारख्यांसाठी मशीद चालवली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेतच गाडीत बसले असताना त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ज्या केपटाऊनमध्ये आमच्या रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची घरे कित्येक पिढ्या आहेत, त्या गावचा हा माणूस. त्यांच्या कत्लाची खबर आमच्या वाचनातल्या उर्दू अखबारात आम्ही शोधली, मिळाली नाही.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर लपवत नाही. ज्या माणसाला आम्ही सोळा वर्षे ओळखतो, ज्याने आमच्या वालिदांच्या मय्यतीला खांदा दिला, तो अल्लाने जसा घडवला तसा आहे असे आम्ही मानतो, आणि त्याने प्रामाणिकपणे जगावे असे आम्हाला वाटते. तुम्हाला हे पटत नसेल तर पटवून घेऊ नका. पण मग एका गोष्टीचे उत्तर द्या. तुमच्या मते तो गुनाह असेल, तर अशा माणसाच्या गळ्यात एका अजाण मुलीला बांधणे हा सवाब कसा झाला? त्याला हराम म्हणणारा मनुष्यच उद्या ‘शादी करून टाका’ म्हणतो. निदान तुमच्या फतव्याशी तरी इमान राखा.

मुलींचे तर याहून वाईट. मुलगा निदान दहा वर्षांनी तोंड उघडू शकला, कारण त्याला पगार आहे. ज्या मुलीला पुरुष नकोच आहे तिने कुणाला सांगावे? पैगंबरसाहेबांच्या काळात खन्सा नावाच्या बीबींनी, वडिलांनी मर्जीविरुद्ध निकाह लावला अशी फिर्याद केली तेव्हा तो निकाह रद्द झाला होता. आज मुलीने ‘नहीं’ म्हटले तर कारण विचारतात, आणि कारण सांगितले तर आठ दिवसांत बारात दारात आणतात. ओढणीच्या आतल्या ‘हूँ’मध्ये अशी किती ‘नहीं’ दाबली गेली असतील, याचा हिशेब कयामतच्या दिवशी गवाहांना द्यावा लागेल.

*

आणि आता आपल्या स्वतःच्या घराकडे, म्हणजे मुस्लिम मराठी लेखकांकडे वळतो. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हापासून तोंडी तलाक हा आमच्या प्रबोधनाचा पहिला विषय झाला. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून आम्ही मोहल्ला लिहिला, दंगल लिहिली, बुरख्यातली घुसमट लिहिली, दुहेरी उपरेपण लिहिले. ते लिहिणे जरुरीचे होते. पण ज्या घरात तलाक होत नाही, मारहाण होत नाही, आणि तरीही दोन माणसे आतून मरत राहतात, ते घर आम्ही लिहिले का?

आमची परीक्षा २०१० मध्ये झाली होती, आणि आम्ही नापास झालो. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक, नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. एकेकाळी त्यांचीही शादी झाली होती. नंतर ते एकटे राहत. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली. विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. मुसलमानांच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठात मराठी शिकवणारा मराठी कवी : या माणसावर मुस्लिम मराठी लेखकांचा हक्क सर्वांत आधी होता. मराठीने त्याला मुसलमानांच्या विद्यापीठातला म्हणून दूर ठेवले, मुसलमानांनी हिंदू म्हणून, आणि दोघांनी मिळून ‘तसला’ म्हणून. २०१६ मध्ये हिंदी सिनेमावाल्यांनी त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना हा माणूस होता हे कळले.

आपल्या पुढाऱ्यांचीही हकिकत पाहा. २००९ च्या दिल्लीच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी अपिले गेली त्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते, आणि त्याच रांगेत हिंदू आणि ख्रिस्ती मंडळी होती. जे एरवी एका मंडपात बसत नाहीत ते या एका गोष्टीवर एक झाले. ११ डिसेंबर २०१३ ला त्यांना हवा तसा निकाल लागला. आमच्या दोस्ताच्या वडिलांनी ती बातमी सकाळी मोठ्याने वाचून दाखवली. दोन महिन्यांनी निकाह. तो आम्हाला पुढे म्हणाला की त्या सकाळी आपण अब्बांना सांगणार होतो. मुलाने बापाला सांगावे तर गुन्हेगार म्हणून सांगावे लागले असते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल फिरवला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. अशा जोडप्यांच्या लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता नाकारली गेली. कायदा इथवर आला आहे. आमचा मोहल्ला २०१३ च्या त्या सकाळीच उभा आहे. दोस्ताच्या संस्थेने त्याच्याकडून वर्ग काढून घेतला आणि त्याला लायब्ररीत बसवले, ‘बच्चों पर असर पडेगा’ म्हणून. इतकी वर्षे शिकवताना काय असर पडला, ते त्याच्या दहावीच्या निकालात दिसते. तिकडे कुणी पाहिले नाही.

*

आमच्या मागण्या साध्या आहेत. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही, नवा फतवाही लागत नाही.

रिश्ता पक्का करण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांना, आई-बाप बाजूला ठेवून, एकदा एकेकट्याने विचारा, आणि ‘नहीं’ आले तर कारण उकरू नका. ज्याला माहीत आहे त्याने सही करू नये. गवाह म्हणजे छुहारे गोळा करणारा नव्हे. कुणी उशिरा खरे बोलले तर आधी बायकोच्या पाठीशी उभे राहा, तिचा हक्क लिहून द्या, आणि तिला खुला हवा असेल तर तारखा देत बसू नका. आणि खरे बोलणाऱ्याची रोटी तोडू नका; त्या रोटीतला निम्मा हिस्सा त्याच्या मुलांचा आहे.

यंदा आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा निकाह ठरला. ‘सर, गवाह आपही.’ आम्ही म्हटले, होतो, पण आधी तुझ्याशी एकट्याने बोलेन, आणि मुलीला तिची मोठी बहीण एकटीने विचारेल. मुलगा हसत हसत तयार झाला. त्याचे चाचा बिघडले. ‘मास्टर, ये निकाह है के पुलिस इन्क्वायरी?’ आम्ही म्हटले, इन्क्वायरीच समजा, चाचा. एक केस आमच्या अंगावर आहे.

मुलगी हो म्हणाली, बहिणीजवळ, ओढणी नसताना. मग आम्ही सही केली.

भाभींनी यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.चा फॉर्म भरला आहे. हा मजमून छापायला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवला. ‘मैं बेचारी तो नहीं लग रही?’ त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, नाही. ‘फिर ठीक है,’ त्या म्हणाल्या, ‘मगर आपने अपने आपको थोडा कम डांटा है.’

ते खरे असेल. ज्यांना आम्ही चुकीचे वाटतो त्यांनी या अंकाच्या पुढच्या वर्षीच्या पानांवर उत्तर द्यावे. फक्त लिहायला बसण्यापूर्वी आठवून पाहावे, आपण आजवर किती निकाहनाम्यांवर सही केली आहे, आणि त्यांतल्या किती वेळा आपल्याला काहीतरी ठाऊक होते.